घोड्याच्या आयाळीची वेणी : हातातले एक हुन्नर

आपल्या बांधवांत घोड्याच्या धंद्यावर पोट भरणारे आजही थोडे नाहीत. कोणी नालबंद आहे, कोणी मोतद्दार, कोणी खोगीर शिवतो, तर कोणी वरातीचा घोडा पाळतो. वरातीच्या घोड्याला मणी-गोंडे कसे बांधावेत हे त्यांना शिकवायला नको. पण मुंबई-पुण्याच्या रायडिंग क्लबात किंवा परदेशातल्या तबेल्यात काम मागायला गेले की पहिला सवाल येतो, "आयाळीची वेणी घालता येते का?" तो सवाल अडू नये म्हणून हा धडा आम्ही देत आहोत.

ही रीत मूळ इंग्लंड-आयर्लंडची. शिकारीच्या घोड्याची आयाळ लगामात व हातात अडकू नये म्हणून ती गुंफत असत. पुढे प्रदर्शनाच्या रिंगणात तोच रिवाज झाला. वेणी घातली की मानेची कमान पंचाला स्पष्ट दिसते. अमेरिकेत तर मोठ्या प्रदर्शनांत रात्रभर एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जाऊन फक्त वेण्या घालणारे कारागीर आहेत. त्यांना घोड्यामागे मजुरी मिळते.

आधी हे ओळखा की कोणत्या घोड्याला वेणी घालायची नाही. अरबी घोडा आणि एक्समूर, वेल्श माउंटन यांसारखी ब्रिटनची डोंगरी तट्टे आपल्या जातीच्या वर्गात मोकळ्या आयाळीनेच दाखवतात. पोलोच्या घोड्याची आयाळ तर मुळापासून कापलेली असते. हंटर, ड्रेसाज आणि उड्यांच्या घोड्यांना वेणी चालते. ही पारख नसेल तर चांगले कामही वाया जाते.

सामान फार लागत नाही. बोथट टोकाची जाड सुई, आयाळीच्या रंगाचा मेण लावलेला दोरा, कंगवा, बोथट टोकाची कात्री, पाण्याचा स्पंज आणि उभे राहायला भक्कम पेटी, एवढे पुरे.

तयारी आठवडाभर आधी सुरू करा. आयाळ चार-पाच इंच लांब आणि सारख्या जाडीची हवी. जुने उस्ताद खालच्या बाजूचे थोडे थोडे केस उपटून ती विरळ करतात. घोड्याला याचा त्रास होतो, म्हणून आता पुष्कळ जण विरळ करण्याचा ब्लेड-कंगवा वापरतात. उपटायचेच असेल तर फेरफटका झाल्यावर, अंग गरम असताना, रोज थोडेच उपटा. प्रदर्शनाच्या दिवशी आयाळ धुऊ नका. ताजे धुतलेले केस बोटांतून निसटतात. दोन-तीन दिवस आधी धुवा.

आता काम. आयाळ ओली करून उजव्या बाजूला विंचरा. कंगव्याच्या रुंदीचे माप धरून सारखे भाग पाडा आणि प्रत्येकाला रबर लावा. इंग्लंडच्या जुन्या रिवाजात मानेवर ७ किंवा ९ अशा विषम वेण्या असत. आता त्याहून जास्त घालतात. अमेरिकेच्या हंटर घोड्याला तीस-चाळीस बारीक वेण्या असतात आणि त्या लोकरीच्या धाग्याने बांधतात.

कानाकडून सुरुवात करा. तीन पेड घ्या, पहिले दोन-तीन वळसे घट्ट बसवा. अर्ध्याच्या खाली आल्यावर दोरा पेडांत मिळवा. टोकाला दोरा गुंडाळून गाठ मारा. मग सुई वेणीच्या मुळाशी खालून वर काढा, म्हणजे वेणी दुमडेल. पुन्हा एकदा दुमडा आणि दोन्ही बाजूंनी टाके घालून गुंडीसारखी गोल बसवा. कपाळावरची आयाळ शेवटी घ्या.

फार घट्ट वेणी हा नवशिक्याचा दोष. कातडी ताणली की घोडा मान झटकतो, भिंतीला घासतो. काम झाल्यावर जमिनीवरचे गवत त्याला खाऊ द्या. मान सहज खाली गेली तर वेणी ठीक. शक्यतो वेण्या त्याच दिवशी पहाटे घाला.

सोडतानाही घाई नको. एकदा उशीर झाला म्हणून आम्ही अंधारातच कात्री चालवली. काळा दोरा आणि काळे केस यांत फरक दिसला नाही आणि मानेच्या मधोमध चार बोटांची खिंड पडली. मालक काही बोलला नाही, पण पुढच्या वेळी त्याने दुसऱ्याला बोलावले. केस वाढायला कित्येक महिने लागले, आणि गेलेला विश्वास तर त्याहून उशिरा परत आला. म्हणून उजेडात, फक्त दोरा कापा, बोटांनी वेणी उकला आणि आयाळ ओली करून विंचरा.

आता शेवटची गोष्ट. आखूड मानेवर पुष्कळ बारीक वेण्या घातल्या तर ती लांब भासते. लांब मानेवर थोड्या, मोठ्या वेण्या शोभतात. कमान कमी असेल तर वेणी माथ्यावर उचलून बसवतात, जाड मानेवर ती बाजूला खाली घेतात. रिंगणात हे चालते, कारण पंचाला ही कला ठाऊक असते. पण विक्रीच्या वेळी, मग तो सारंगखेड्याचा बाजार असो की क्लबाचा तबेला, गिऱ्हाइकाला वेण्या सोडून मान दाखवा. मानेचा ऐब वेणीखाली झाकून घेतलेले पैसे एकदाच मिळतात. मोकळ्या आयाळीने विकलेल्या घोड्याचा मालक पुढच्या वर्षी भावाला घेऊन येतो.