ल्यूट : बोटांसाठी लिहिलेले संगीत

चारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या वादकाचे बोट तारेवर नेमके कोठे पडत होते, हे आज सांगता येईल काय? आवाज नोंदून तो पुन्हा ऐकवणारे यंत्र १८७७ साली आले. त्यापूर्वीचे सारे वादन हवेत विरून गेले. तरीही ल्यूट या युरोपीय वाद्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता येते.

नासपतीचे फळ उभे चिरून त्याची एक फोड पालथी घातली तर कशी दिसेल? ल्यूटची पाठ तशी दिसते. लाकडाच्या पातळ पट्ट्या कडेला कड चिकटवून ती करतात. पुढची तबली जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्यात जाळीदार नक्षी कोरलेली असते. खुंट्यांचा भाग एकदम मागे मोडल्यासारखा वळवलेला असतो. वाद्य आणि त्याचे नाव दोन्ही अरबांच्या ‘ऊद’वरून आले. ‘अल-ऊद’ म्हणजे लाकूड. प्रबोधनकाळातल्या, म्हणजे साधारणपणे सोळाव्या शतकातल्या ल्यूटला बहुधा तारांचे सहा संच असत. सर्वांत उंच स्वराची तार एकटी आणि बाकीच्या जोडीने, म्हणून एकूण तारा ११. या तारा धातूच्या नसून आतड्यापासून केलेल्या तातीच्या असत. पडदेही तातीचेच, दांडीभोवती गाठ मारून बांधलेले. सतारीच्या पडद्यांप्रमाणे ते मागेपुढे सरकवता येतात.

आता ही बोटे कागदावर कशी उतरली ते पाहू. इटलीत सहा आडव्या रेघा काढीत. एक रेघ म्हणजे तारांचा एक संच. रेघेवर ० लिहिले असेल तर तार मोकळी छेडायची, ३ असेल तर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवायचे. फ्रान्स व इंग्लंडमध्ये अंकांऐवजी अक्षरे वापरीत. ही लिपी स्वराचे नावच सांगत नाही, ती जागा सांगते! व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०७ साली ल्यूटच्या रचना अशा लिपीत छापल्या. छापील आणि हस्तलिखित मिळून अशा हजारो रचना आज उपलब्ध आहेत.

हे महत्त्वाचे का, ते पुढच्या इतिहासावरून कळेल. अठराव्या शतकात ल्यूट मागे पडले आणि शिकवणारे उरले नाहीत. आपल्याकडे सतार गुरूकडून शिष्याकडे अखंड येत राहिली, तशी साखळी तेथे तुटली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्नल्ड डोलमेच यांनी इंग्लंडमध्ये जुनी वाद्ये पुन्हा घडवण्यास सुरुवात केली. विसाव्या शतकात ज्युलियन ब्रीम (१९३३–२०२०) यांच्यासारख्या वादकांनी ल्यूट लोकांच्या कानांपर्यंत नेले. गुरू नव्हता, पण बोटांच्या जागा कागदावर होत्या.

पण पाचव्या पडद्यावर बोट ठेवा म्हटले, तरी तो पाचवा पडदा बांधायचा कोठे? सतारिया मुख्यतः एका तारेवर राग वाजवतो. त्यामुळे रागाप्रमाणे तो पडदा सरकवू शकतो. ल्यूटवर एकाच वेळी तीन-चार तारा बोलतात आणि एकच पडदा सगळ्यांखालून आडवा जातो. एका तारेच्या सोयीने तो सरकवला, तर दुसरी बेसूर होते. यावर उपाय म्हणजे लागोपाठच्या पडद्यांतील सर्व अंतरे कानाला सारखी करणे.

फ्लॉरेन्सचा ल्यूटवादक व्हिन्चेन्झो गॅलिली याने १५८१ साली त्यासाठी सोपा नियम दिला : तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा बांधा, उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून दुसरा, आणि असेच पुढे. ६० सेंटिमीटरची तार घेऊन तुम्हीच गणित करा. पाचव्या पडद्यानंतर सुमारे ४५.१ सें.मी. तार उरते. शुद्ध मध्यमासाठी ती ४५ हवी. बाराव्यानंतर ३०.२ उरते. वरच्या सप्तकाच्या ‘सा’साठी बरोबर ३० हवी. चूक दोन मिलिमीटरची! शिवाय बोट दाबले की तार किंचित ताणली जाऊन स्वर थोडा चढतो आणि तीही चूक कमी होते. व्यवहारात याहून सोयीचा नियम सापडणे कठीण.

हाच व्हिन्चेन्झो पुढे तारांना वजने टांगून पाहू लागला. पायथागोरसच्या नावावर एक कथा शतकानुशतके सांगितली जात होती की, वजन दुप्पट केले की वरचा ‘सा’ मिळतो. कोणी करून पाहिले नव्हते, असेच म्हटले पाहिजे. व्हिन्चेन्झोने १५८९ साली लिहिले की वजन दुप्पट नव्हे, चौपट लागते. पंचमासाठी लांबीचे प्रमाण ३ : २, तर वजनांचे ९ : ४. कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हा तुमच्या पुस्तकातला नियम यातच दडलेला आहे. शाळेत सोनोमीटर असेल तर १ किलो आणि ४ किलो वजने टांगून खात्री करून घ्या. या ल्यूटवादकाचा पंचविशीतला मुलगा म्हणजे गॅलिलिओ. तोही ल्यूट वाजवी, आणि धाकटा भाऊ मिकेलान्योलो याने तर वादनाचाच पेशा धरला.

मग हे संगीत ऐकायचे कसे? प्रथम आवाज कमी करा. ल्यूट हे खोलीतले वाद्य आहे, मोठ्या आवाजात त्याचा गोडवा जातो. जॉन डाउलंड (१५६३–१६२६) याच्या ‘लॅक्रिमी’पासून सुरुवात करा. नावाचा अर्थ ‘अश्रू’. आरंभी वरच्या चालीत चार स्वर पायरीपायरीने खाली उतरतात, ते पकडा. रागसंगीताची सवय असलेला कान येथे एकच चाल शोधतो. पण एकाच वाद्यातून दोन-तीन चाली बरोबर चाललेल्या असतात. दुसऱ्यांदा ऐकताना वरची चाल सोडून फक्त खर्जाच्या तारांमागे जा.

त्यानंतर हीच रचना दुसऱ्या वादकाची ऐका. तार केव्हा छेडायची ते लिपी सांगते, पण बोट किती वेळ दाबून ठेवायचे ते सांगत नाही. तो निर्णय वादकाचा. म्हणून एकाच कागदावरून वाजवूनही दोघांचे वादन सारखे होत नाही. कोणता स्वर कोणी रेंगाळू दिला आणि कोणी तोडला, याची वहीत नोंद करा.