क्लच बदला, असं मीच म्हणालो होतो

दसरा होऊन चारच दिवस झाले होते. झेंडूच्या माळेचा दोरा अजून गाडीच्या जाळीत अडकलेला होता. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढू लागलो आणि तिसऱ्या वळणावर गाडीने हात टेकले. आत आम्ही चौघे, डिकीत सामान. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, सगळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरतेय, आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा उघडझाप करतोय. घाट कसाबसा पार केला आणि पुढचे चाळीसेक किलोमीटर तशीच दामटत घरी आणली. सपाटीला लागल्यावर दिव्याची उघडझाप थांबून तो नुसताच पेटून राहिला, तेव्हा मला वाटलं, चला, निभावलं.

रात्रीपर्यंत माझं निदान तयार होतं : क्लच गेला. चढावर ओढत नाही म्हणजे क्लच, हे आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच ठाऊक असतं. शिवाय गाडी नऊ वर्षांची, ७० हजार किलोमीटर धावलेली. एका सहकाऱ्याने दिव्यावरही उतारा सांगितला, बॅटरीची वायर पंधरा मिनिटं काढून ठेव म्हणाला. ठेवली. दिवा गेला. त्यामुळे गॅरेजात दाखवायला दिवाच उरला नाही, आणि मीही त्याचा विषय काढला नाही. ‘क्लच बदला’ एवढंच म्हणालो. त्यांनी बदलला. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी धरून ११ हजार रुपये. मिसळ मागणाऱ्याला भूक आहे का, असं कोणी विचारत नाही.

आठवड्याने यवतेश्वरच्या चढावर पुन्हा तेच. या वेळी गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. दोन कोड निघाले, पी०३०२ आणि पी०४२०. दुसऱ्या कोडवर बोट ठेवून तो म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय. सायलेन्सरच्या वाटेवरच्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे किंमत ऐकून मी खुर्ची शोधली. ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न. थंड इंजिनाला होतं की तापल्यावर? कुठल्या गिअरला? पहिल्यांदा कधी झालं? त्याआधी काय काम केलं होतं? आणि मग, ‘सर, धुतली कवा गाडी?’

‘दसऱ्याला.’

‘इंजिनावर पानी मारलं?’

मारलं की! वॉशिंग सेंटरच्या पोराने प्रेशरने इंजिन लख्ख केलं होतं, मीच वर वीस रुपये दिले होते.

मग ते शेजारी बसले आणि मला गाडी चालवायला लावली. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला. क्लच घसरत असेल तर आरपीएमचा काटा सर्रकन वर पळतो आणि गाडी मात्र त्याच वेगात राहते, इंजिन फिरतं पण चाकांपर्यंत पोचत नाही. आमचा काटा वर चढतच नव्हता, जागच्या जागी कापत होता. म्हणजे ताकद वाटेत सांडत नव्हती, मुळात तयारच होत नव्हती. इंजिन मिसिंग करत होतं. खंबाटकीत तो काटा माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मी हॉर्न देणाऱ्या ट्रककडे बघत होतो.

पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये ठिणगी किंवा जाळ नीट होत नाही. का होत नाही, ते कोड सांगत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन कमी असेल. मिस्त्रींनी दोन नंबरची कॉइल तीनला लावली, तीनची दोनला, कोड पुसला आणि एक चक्कर मारून आणली. आता कोड आला पी०३०३. दुखणं कॉइलबरोबर सरकलं होतं. एकही नवा पार्ट न लावता निदान झालं. प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे पाणी साचून गंज धरला होता आणि कॉइलचं रबर चिरलं होतं. नवी कॉइल, नवा प्लग, अडीच हजारांच्या आत काम.

आणि पी०४२०? कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. दोघांची तुलना करून गाडीचा कॉम्प्युटर हा कोड देतो. मिसिंग असताना न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भट्टीसारखा तापतो. म्हणून इंजिनाचा दिवा उघडझाप करत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा, बाजूला घ्यायची आणि टोचन लावून न्यायची. नुसता पेटून राहिला असेल तर सावकाश चालवत एक-दोन दिवसांत गॅरेज गाठलं तरी चालतं. लाल दिव्यांना मात्र ही सवलत नाही. तेलाच्या झारीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पंपापर्यंतही जायचं नाही, तिथेच इंजिन बंद. तापमानाच्या लाल दिव्यालाही थांबायचंच, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

गॅरेजात काय बोलायचं, हेही मी आता शिकलोय. रोगाचं नाव घ्यायचं नाही, लक्षण सांगायचं. पूर्ण वळण घेताना पुढच्या चाकाशी कटकट वाजतं, क्लच दाबला की घरघर येते आणि सोडला की जाते, एवढं सांगावं. पहिल्याला सीव्ही जॉइंट म्हणायचं की दुसऱ्याला रिलीज बेअरिंग, ते त्यांना ठरवू द्यावं. मिस्त्रीला शेजारी बसवून आवाज ऐकवावा. कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो घ्यावा. दिवा लागला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलं होतं याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. बॅटरीची वायर काढून मी नेमकी तीच पुसली होती. महागडा पार्ट बदलायचा म्हणाले तर ‘कुठली तपासणी केली?’ असं विचारावं, भांडणाच्या सुरात नाही, विद्यार्थ्याच्या सुरात. आणि जुना पार्ट मागून घ्यावा. माझी जुनी क्लच प्लेट डिकीत होती. मिस्त्रींनी ती हातात घेऊन अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘ही अजून लई चालली असती.’

पी०४२० चा कोड कॉइल बदलल्यावर पुसला, तो अजून परत आलेला नाही. पण घाटानंतर दामटलेल्या त्या चाळीस किलोमीटरांत कन्व्हर्टर किती भाजला, ते मिस्त्रींनाही बाहेरून सांगता आलं नाही. पीयूसीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. तोवर दर आठवड्याला स्कॅनर लावून बघतो.