कोणत्या गावचा क्रमांक?

चि. ऋता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. लिनक्सच्या कर्नलमध्ये राहून बदललेल्या फाइलींची नोंद ठेवणारे मॉड्यूल तू लिहीत आहेस, प्रत्येक फाइलचा आयनोड क्रमांक तुला मिळतो, आणि ती फाइल ज्या फाइलसिस्टमवर आहे तिची ओळख कशी काढावी ‘एवढेच’ राहिले आहे, असे तू म्हणतेस. माझ्या मते तुझ्या कामाचे मर्म त्या ‘एवढ्या’तच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुझे आजोबा तलाठी होते हे तुला ठाऊकच आहे. कोणी गट नंबर ११२ चा उतारा मागावयास आला, तर दप्तराला हात लावण्यापूर्वी ते विचारीत, “गाव कोणते?” कारण ११२ नंबरचा गट शेजारच्या गावातही असे, आणि गावाचे नाव लागल्यावाचून त्या आकड्याने जमिनीचा तुकडा निश्चित होत नसे. आयनोड क्रमांकाचेही तसेच आहे. एक्स्ट४ पद्धतीच्या प्रत्येक फाइलसिस्टमची मूळ डिरेक्टरी २ क्रमांकाच्या आयनोडवरच असते. तेव्हा यंत्रात तशा तीन फाइलसिस्टम असल्या, तर २ क्रमांकाचे धनीही तीन झाले.

गावाचे नाव काढण्याची वाट लांबची नाही. उघडलेल्या फाइलवरून तिचा आयनोड आणि आयनोडवरून त्याचा सुपरब्लॉक हाती येतो. तेथे तुला डिव्हाइस नंबर मिळेल व यूयूआयडीही मिळेल, आणि व्हीएफएस-स्टॅटएफएस हे फंक्शन बोलावलेस तर एफएसआयडी नावाची तिसरी, ६४ बिटांची ओळख मिळेल. तीन ओळखपत्रे हाती आली म्हणजे प्रश्न सुटला, असे मलाही उमेदीच्या काळात वाटले होते.

त्या काळी बॅकअपसाठी तुझ्यासारखेच एक मॉड्यूल मी लिहिले आणि सर्वांत सोपा म्हणून डिव्हाइस नंबर नोंदवहीत उतरवीत गेलो. पुढे त्या सर्व्हरमध्ये एक नवी डिस्क बसविली गेली, यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि जुन्या दोन डिस्कांचे नंबर परस्परांत बदलले. माझी वही एकीचे फेरफार दुसरीच्या नावावर लावीत राहिली, आणि तीन रात्री बदललेल्या फाइलींची प्रत निघालीच नाही. कोठे काही मोडले नव्हते की कसला इशाराही आला नव्हता. डिव्हाइस नंबर यंत्र बंद होईपर्यंतच भरवशाचा असतो, ही गोष्ट मी कोणाला विचारली नव्हती, इतकेच. त्या तीन रात्रींचे मला आजही वाईट वाटते, आणि तुझ्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हे पत्र आहे.

यूयूआयडी १२८ बिटांचा असून खुद्द डिस्कवर लिहिलेला असतो, म्हणून रीबूटनंतरही तो टिकतो. पण डिस्कची हुबेहूब प्रत काढली की तोही प्रतीबरोबर जातो, आणि मग एकाच नावाची दोन गावे उभी राहतात. एक्सएफएस नावाची फाइलसिस्टम ही अडचण ओळखून त्याच यूयूआयडीची दुसरी फाइलसिस्टम माउंट करण्यास, ‘नोयूयूआयडी’ असे स्पष्ट सांगितल्यावाचून, नकार देते. सर्वच फाइलसिस्टम इतकी दक्षता बाळगीत नाहीत. शिवाय काही फाइलसिस्टम यूयूआयडीचा रकाना कोराच ठेवतात, म्हणून तो शून्य तर नाही ना, हे आधी तपास.

एफएसआयडीच्या बाबतीत तर ज्याचा त्याचा निराळा कायदा आहे. एक्सएफएस तो डिव्हाइस नंबरावरून बनविते, म्हणजे माझीच चूक तुझ्या वहीत मागल्या दाराने शिरेल. बीटीआरएफएस यूयूआयडीत सबव्हॉल्यूमचा क्रमांकही मिसळते. एक्स्ट४ यूयूआयडीचे दोन अर्धे भाग एकमेकांशी एक्सॉर करते. हे माझ्या शब्दावर मानू नकोस. आपल्या एक्स्ट४ पार्टिशनचा यूयूआयडी कागदावर उतरून घे, त्याचे सोळा-सोळा अंकांचे दोन भाग एकाखाली एक मांड, हाताने एक्सॉर कर, आणि ‘स्टॅट -एफ’ ही आज्ञा जो आयडी दाखविते त्याच्याशी ताडून पाहा. तुझ्या लॅपटॉपवर चार-चार बाइटांच्या गटांत क्रम उलटलेला दिसेल; तेवढा सरळ केलास की जुळेल.

आणखी एक खबरदारी. व्हीएफएस-स्टॅटएफएस हे वाट पाहणारे फंक्शन आहे. फाइलसिस्टम नेटवर्कपलीकडची असेल तर ते उत्तर येईतो थांबते, म्हणून स्पिनलॉक हाती धरून ते कदापि बोलावू नकोस. त्याला द्यावयाचा पाथ तू स्वतः शोधून घेतला असशील, तर काम संपताच तो परत कर; कर्नलमध्ये उसनवारी विसरली तर ती फाइलसिस्टम अनमाउंट होत नाही.

मी तुझ्या जागी असतो, तर यूयूआयडी आणि डिव्हाइस नंबर दोन्ही नोंदविले असते, रीबूटनंतर केवळ पहिल्यावर विसंबलो असतो, आणि आयनोड क्रमांकाशेजारी त्याचा जनरेशन नंबरही लिहिला असता, कारण पुसलेल्या फाइलचा क्रमांक नव्या फाइलला पुन्हा दिला जातो. एकच यूयूआयडी दोन ठिकाणी आढळला, तर मॉड्यूलने अंदाजाने निवड न करता नोंद थांबवून तसे कळवावे.

एक्सॉरचा कागद पुढच्या पत्रासोबत पाठव. ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा