गच्चीवरचा सोलर हीटर उतरवणे आणि पाईप पक्के बंद करणे: नांदेड-लातूरकडचा एक न दिसणारा धंदा

मागच्या व्हिडिओत कमी भांडवलात सुरू होणाऱ्या सर्व्हिस धंद्यांवर बोललो होतो. तेव्हा सोलर वॉटर हीटर काढून देण्याच्या कामाचा उल्लेख ओझरता झाला. आज तेवढ्याच कामावर सविस्तर लिहितोय, कारण व्हिडिओत बोलून भागत नाही, काही गोष्टी कागदावर समोर असाव्या लागतात.

थंड देशांत घर गरम ठेवायला भिंतीला लोखंडी रेडिएटर असतात. ते काढून पाईपची तोंडं बंद करून देणं हे तिकडच्या प्लंबरचं नेहमीचं काम. आपल्याकडे मे महिन्यात घर गरम करायला कुणी पैसे देणार नाही! पण गरम पाण्याची ओळ आपल्याकडेही आहे, ती गच्चीवरून येते. आणि ती बंद करायची वेळ आता बऱ्याच घरांवर आलीय.

का आली? पहिलं कारण पाणी. आपल्या भागात टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी पडतं. त्यातले क्षार सोलरच्या नळ्यांत आणि टाकीत बसतात, पाणी गरम व्हायचं कमी होतं, शेवटी टाकी गळायला लागते. दुसरं कारण नवीन आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 आणि तीन किलोवॅट व त्यापुढे 78,000 रुपये अनुदान जाहीर झालं. एका किलोवॅटच्या पॅनलला सावली नसलेली साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. मग गच्चीवर नेमका कोण आडवा येतो? जुना, अर्धवट चालणारा सोलर हीटर. पॅनल बसवणारा म्हणतो, "आधी हे काढून ठेवा, मग मी येतो." घरमालक प्लंबरला फोन करतो, प्लंबर म्हणतो छोटं काम आहे, नंतर बघू. ही जी मधली फट आहे ना, तोच तुमचा धंदा.

लातूरला क्लासेसमुळे होस्टेलं भरपूर, नांदेडला हुजूर साहिबमुळे लॉज आणि यात्री निवास भरपूर. 2008 च्या गुर-ता-गद्दी सोहळ्याच्या सुमारास नांदेडात बरंच बांधकाम झालं. त्या वेळचा सोलर एखाद्या इमारतीवर अजून असेल तर तो आता म्हातारा झालाय. अशा एका इमारतीवर एक नाही, सहा-आठ हीटर असतात. घरगुती कामापेक्षा मी आधी इथे विचारायला सांगीन.

आता कामाकडे येऊ. यात धोका आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

आधी पाणी आणि ऊन

दोनशे लिटरचा हीटर म्हणजे टाकीतच दोनशे किलो पाणी. भरलेली टाकी हलवायचा विचारसुद्धा करू नका. पण टाकी रिकामी केली म्हणजे काम झालं, असंही नाही. काचेच्या नळ्या टाकीच्या खाली तिरक्या असतात, त्यांचं वरचं तोंड टाकीत. टाकी संपली तरी प्रत्येक नळीत अडीच-तीन लिटर पाणी तसंच राहतं. वीस नळ्या म्हणजे पन्नास लिटरच्या वर. हे पाणी रात्रभर गरम राहिलेलं असतं, आणि नळी ओढताना ते थेट हातापायावर येतं.

यावर सोपी युक्ती आहे. कामाच्या दोन दिवस आधी जाऊन नळ्यांवर जाड ताडपत्री बांधून या. घरच्यांना सांगा, गरम पाणी नेहमीसारखं वापरत राहा. गरम पाणी संपत जातं, खालून थंड भरत जातं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीत फार तर कोमट पाणी असतं. एक चक्कर जास्त पडते, पण तीच चक्कर तुमची पाहणीही असते. कोटेशन तेव्हाच द्यायचं.

उलट चूक बरेच जण करतात: आदल्या दिवशी टाकी रिकामी करून नळ्या उन्हात उघड्या ठेवतात. बिनपाण्याची नळी उन्हात दीडशे अंशांच्या वर तापू शकते. तिला हात लावला तर भाजतं. कुणी न सांगता कॉक सोडला आणि थंड पाणी आत गेलं, तर काच तडकते. म्हणून ताडपत्री काम संपेपर्यंत काढायची नाही. काम सकाळी सहा-सात वाजता सुरू करायचं, हातमोजे, जाड बूट आणि डोळ्यांवर चष्मा घालून.

आणि हो, ते पाणी गच्चीच्या पन्हाळीतून सोडून देऊ नका. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. 11 तारखेला निघालेल्या पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, सगळं मिळून साधारण पाच लाख लिटर. ज्या काकूंनी तो उन्हाळा काढलाय त्यांच्यासमोर दोनशे लिटर पाणी वाया घालवलंत तर पुढचं गिऱ्हाईक त्या गल्लीत मिळणार नाही. सोबत वीस-पंचवीस फूट नळी ठेवा, पाणी ड्रम-बादल्यांत, नाहीतर झाडांना. बहुतेक टाक्यांत गरम पाण्याची ओळ वरच्या अंगाला असते, त्यामुळे बाथरूमचे नळ सोडून टाकी रिकामी होत नाही. खालच्या ड्रेन प्लगमधून किंवा थंड पाण्याच्या खालच्या जोडापासून नळी लावून काढावं लागतं.

टाकीत विजेचा बॅकअप हीटर आहे का ते पाहणीतच बघा. असेल तर एमसीबी बंद, टेस्टरने तपासणी, आणि वायर सोडवून पक्क्या डब्यात बंद करायचं काम परवानाधारक वायरमनकडून. त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दाखवा. टाकीवर उभा असलेला हवेचा पाईप शेवटपर्यंत उघडा ठेवायचा. गळतंय म्हणून तो बंद करून टाकणारे लोक मी ऐकलेत, पण वाफेला तीच एक वाट असते.

नळी काढताना खालची टोपी सोडवा, वरच्या रबर रिंगला साबणाचं पाणी लावा, नळी हलकेच फिरवत थोडी वर टाकीत सरकवा, खालचं टोक मोकळं करा आणि मग खाली ओढा. जोर लावायचा नाही. क्षाराने घट्ट बसलेली नळी निघत नसेल तर पोत्यात गुंडाळून फोडलेली बरी, पण त्याआधी मालकाला विचारा.

खरी कसोटी: दोन तोंडं

हीटर उतरला की गच्चीवर दोन पाईप उरतात. एक थंड पाण्याचा, जो मोठ्या टाकीकडून हीटरला जात होता. दुसरा गरम पाण्याचा, जो हीटरकडून बाथरूमला जात होता. थंड पाईप बंद करायला हवा हे कुणालाही कळतं. गरम पाईपबद्दल मात्र लोक म्हणतात, "यात आता पाणी येणारच कुठून?"

बाथरूमच्या मिक्सरमधून येतं. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे राहिले आणि पुढचा शॉवर किंवा हँड शॉवर बंद असला, की थंड पाणी मिक्सरमधूनच गरम ओळीत शिरतं आणि वर चढतं. सोलरला पाणी आपोआप भरावं म्हणून मोठी टाकी नेहमी सोलरपेक्षा उंच बसवलेली असते. म्हणजे गरम पाईपचं कापलेलं तोंड मोठ्या टाकीच्या पातळीच्या खाली. पाणी पातळी गाठायला बघतं, आणि गच्चीवरच्या उघड्या पाईपातून वाहायला लागतं. रात्री कुणी मिक्सर उघडा ठेवून झोपलं तर सकाळी टाकी रिकामी. लातूरमध्ये नळाला पुन्हा पाणी कधी, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून दोन्ही तोंडं बंद, आणि सारखीच पक्की.

थंड बाजूला नुसता पाईपच्या टोकाला प्लग ठोकू नका. मोठ्या टाकीजवळ जिथून ही शाखा फुटते त्या टीलाच बंद करा. नाहीतर गच्चीवर दहा-वीस फूट पाईप साचलेल्या पाण्याने भरून उन्हात तापत पडतो. ते पाणी घाणही होतं आणि जोडही ढिले करतं.

पाईप सीपीव्हीसी असेल तर एंड कॅपही सीपीव्हीसीचीच आणि त्याच्याच सोल्युशनने. दुकानदार स्वस्तातली पांढरी यूपीव्हीसी कॅप पुढे करतो, ती गरम पाण्यासाठी नाही. उद्या मालकाने त्याच ओळीवर गीझर जोडला तर ती मऊ पडेल. सोल्युशन लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्यायचा. पितळी आट्यांचा जोड असेल तर पितळी प्लग आणि टेफलॉन टेप, प्लग फिरवायच्या दिशेनेच गुंडाळलेली.

जुन्या घरांत लोखंडी जीआय पाईप असतो, आणि इथे अनुभवी माणूस जवळ असू द्या. आटे गंजलेले असतात. एकाच पान्याने जोर लावला तर वरचा जोड निघत नाही, भिंतीतला एल्बो तुटतो. मग फरशी फोडा, प्लॅस्टर करा, सगळं तुमच्या खिशातून. एका पान्याने खालचा पाईप धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने जोड फिरवायचा. फारच गंजला असेल तर निरोगी जागी कापून नवीन आटे पाडायचे.

मालक पुढे गीझर किंवा नवा सोलर लावणार असेल तर गरम ओळीवर बॉल व्हॉल्व्ह, आणि त्याच्या पुढे प्लग. नुसत्या व्हॉल्व्हवर सोडू नका. क्षाराच्या पाण्यात तो झिरपायला लागतो, आणि पतंग काढायला आलेल्या पोरांनी कधी फिरवला ते कळतही नाही.

तपासणी कधी करायची? मोठी टाकी भरलेली असताना. आपल्याकडे पाणी काही दिवसांच्या फरकाने येतं, त्यामुळे काम करताना टाकीत वीतभर पाणी असेल तर जोड कोरडाच दिसणार, कच्चा असला तरी. टाकी काठोकाठ भरा, खाली जाऊन प्रत्येक बाथरूमचे मिक्सर उघडून-बंद करून बघा, जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि अर्धा तास थांबा. टाकी भरलेली नसेल तर पाणी येईल त्या दिवशी पुन्हा यायचं. ती दुसरी चक्कर दरात धरलेलीच असली पाहिजे, उपकार म्हणून नाही.

स्टँडचे बोल्ट काढल्यावर स्लॅबला भोकं राहतात. ती वॉटरप्रूफ मसाल्याने भरून द्या. नाहीतर जूनमध्ये छत ओलं झालं की फोन तुम्हालाच येणार.

दर, भंगार आणि कागद

समजा दोन माणसं, अर्धा दिवस. मजुरी 1,000, कॅप-प्लग-टेप-मसाला 400, टेम्पो 500, पाहणीची आणि तपासणीची चक्कर मिळून 300. झाला खर्च 2,200. आता यात तुमचा नफा कुठे आहे? बरेच नवीन मुलं इथेच 2,200 सांगून मोकळे होतात. मी निदान 3,000 सांगीन, कारण दहा कामांत एखादं परत जाऊन दुरुस्त करावं लागणारच, त्याचा पैसा बाकीच्या नऊ कामांतून यायला हवा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचा मजुरीचा दर घालून स्वतः मांडा.

भांडण दरावरून कमी, भंगारावरून जास्त होतं. आतली टाकी स्टीलची असू शकते. जुना सपाट पेटीचा सोलर असेल तर आत तांब्याच्या नळ्या असतात, आणि तांब्याचा भाव मालकालाही माहीत असतो. काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या: भंगार मालकाचं, की तुमचं आणि तेवढी रक्कम बिलातून वजा. "बघू नंतर" म्हणालात तर नंतर बघायला शेजारीही येतात. फुटलेली काच मात्र कुणालाच नको असते, ती पोत्यात भरून तुम्हीच न्यायची आहे हे धरून चाला.

आणखी एक विचारा. महाराष्ट्रातल्या काही महापालिका सोलर हीटरसाठी घरपट्टीत सवलत देतात. मालकाला अशी सवलत मिळत असेल तर हीटर काढण्याआधी त्याने पालिकेत चौकशी करावी. हा प्रश्न तुम्ही विचारलात की समोरचा माणूस तुम्हाला मजूर समजत नाही.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. नुसत्या सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की लागते, तोपर्यंत साधं बिलबुक पुरे. प्लंबिंग येत नसेल तर आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. तेवढा वेळ नसेल तर चांगल्या प्लंबरला भागीदार घ्या आणि तुम्ही गिऱ्हाईक, पाहणी, कोटेशन सांभाळा.

बिलाच्या मागे दोन्ही बंद तोंडांचे फोटो छापून द्या, कुठल्या भिंतीवर, जमिनीपासून किती फुटांवर ते लिहून. पाच वर्षांनी कुणी नवा गीझर बसवायला आला तर त्याला पाईप शोधायला भिंत ठोकावी लागणार नाही, आणि त्या कागदावर नंबर तुमचा असेल.