सही करण्याआधी एक शब्द : इंड्यूस



आपल्या एका गटातल्या ताई सुनेला बाळंतपणासाठी एका खासगी दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. संध्याकाळी नर्स बाहेर आली, हातात कागद दिला आणि म्हणाली, "पेशंटला इंड्यूस करायचंय, इथं सही करा." ताईंनी सही केली. त्यांना वाटलं, इंड्यूस म्हणजे सिझर. लगेच मुलाला फोन, "सिझर करायलेत, पैसे घेऊन ये." मुलानं रात्रीच्या रात्री शेकडा पाचनं पंधरा हजार उचलले. पहाटे सून साधी बाळंत झाली. पैसे तसेच परत केले, पण महिन्याचं व्याज काही सुटलं नाही. साडेसातशे रुपये, एका शब्दापायी.

म्हणून या वेळच्या पाठात हाच शब्द घेऊ.

उच्चार ‘इन्-ड्यूस’. शब्द मूळचा लॅटिन भाषेतला. त्या भाषेत ‘ड्यूस’ या भागाचा अर्थ नेणे, पुढे चालवणे असा होतो. आपल्या शेतकरी कंपनीला आपण ‘प्रोड्यूसर कंपनी’ म्हणतो, त्यातही हाच तुकडा आहे. बैठकीत नवीन बाईला आपण म्हणतो, "तुमचं इंट्रो द्या". ते इंट्रो ज्या ‘इंट्रोड्यूस’च्या घराण्यातलं आहे, त्यातही हाच तुकडा. तर ‘इंड्यूस’ म्हणजे एखाद्याला एखाद्या गोष्टीकडे नेणे. जे आपोआप झालं नसतं किंवा इतक्यात झालं नसतं, ते घडवून आणणे.

त्याचा वापर दोन तऱ्हेचा. शरीरात किंवा वस्तूत काही घडवून आणणं ही एक, आणि माणसाला काही करायला लावणं ही दुसरी. दोन्ही आपल्या रोजच्या कामाच्या आहेत.

आधी दवाखाना. कळा आपोआप येतात तेव्हा कुणी काही इंड्यूस करत नाही. दिवस भरून वर गेले, 41 आठवडे झाले तरी कळा नाहीत, पाणी गेलं पण कळा नाहीत, बीपी वाढलंय, बाळाची वाढ नीट नाही, अशा वेळी डॉक्टर कळा सुरू करून देतात. त्यालाच ते ‘इंड्यूस करणं’ म्हणतात. गर्भाशयाचं तोंड मऊ व्हायला गोळी किंवा जेल वापरतात, नाहीतर सलाईनमधून ऑक्सिटोसिन नावाचं औषध सोडतात. हे सिझर नव्हे. उलट, बाळंतपण खालून व्हावं म्हणूनच ते करतात. मात्र कधी कधी कळा येऊनही पुढं सरकत नाही आणि शेवटी सिझर करावं लागतं, हेही खरं. वेळही लागतो, एखादा दिवस सहज जातो. तेव्हा सही करण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या : कशासाठी करताय, आणि थांबलो तर काय होईल? आणि आधीचं सिझर झालेलं असेल तर ते न विचारता सांगायचं, कारण जुन्या टाक्यांवर कळांचा ताण येतो.

याच ठिकाणी एक सांगून ठेवते. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून काही जण चोरून जे इंजेक्शन टोचतात, ते हेच ऑक्सिटोसिन. गावात कुणी घरी येऊन "कळांचं इंजेक्शन देतो, लवकर मोकळी होईल" म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. हे औषध थेंब मोजून, बाळाचे ठोके बघत द्यायचं असतं. जास्त झालं तर गर्भाशय फाटू शकतं.

आता शेतातली जागा. फवारणीच्या औषधाच्या डब्याबरोबर घडी केलेला पातळ कागद येतो. आपण तो बांधावरच टाकून देतो. त्यात विषबाधा झाली तर काय करायचं ते लिहिलेलं असतं. इंग्रजी भागात कधी असतं, "इंड्यूस व्हॉमिटिंग", म्हणजे उलटी करवा. आणि कधी असतं, "डू नॉट इंड्यूस व्हॉमिटिंग", म्हणजे उलटी मुळीच करवू नका. फरक त्या ‘डू नॉट’चा. रॉकेलसारख्या तेलात कालवलेलं औषध पोटात गेलं असेल तर उलटी होताना ते फुप्फुसात उतरतं आणि जीव जातो. माणूस बेशुद्ध असेल तरी उलटी करवायची नसते. आपल्याकडं आजही पहिल्यांदा मिठाचं पाणी पाजायला धावतात. ते करू नका, मीठ जास्त झालं तर त्यानंही दगावतं. 108 ला फोन लावा आणि डबा, तो कागद, दोन्ही सोबत घेऊन जा. डॉक्टरला कागदावरचं नाव लागतं, "कपाशीवरचं पांढरं औषध" एवढ्यावरून त्याला काही कळत नाही.

आता दुसरी तऱ्हा, माणसाला काही करायला लावण्याची. इथं हा एकच इंग्रजी शब्द अनेक छटांना चालतो. मराठीत प्रत्येक छटेला आपण वेगळं म्हणतो. कुणी चांगल्या मनानं समजावलं तर आपण म्हणतो, तिनं मला पटवून दिलं. फारच विनवण्या केल्या तर गळ घातली. नको नको म्हणताना पुढं ढकललं तर भरीस घातलं. तोंडभर स्तुती करून काम करून घेतलं तर हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. काही देतो म्हणून ओढलं तर आमिष दाखवलं. पोरीबाळीला घरातून काढलं तर फूस लावली. सरकारी कागदावर या सगळ्यांच्या जागी एकच सोवळा शब्द येतो, ‘प्रवृत्त केले’. कागदावर तो दिसला की मनात विचारायचं, यातला नेमका कोणता प्रकार? पटवलं की भरीस घातलं? कारण त्यावरच सगळं अवलंबून असतं.

वाक्यात हा शब्द असा येतो : "व्हॉट इंड्यूस्ड यू टू टेक धिस लोन?" म्हणजे, हे कर्ज घ्यायला तुम्हाला कशानं प्रवृत्त केलं? शब्दाच्या पुढं माणूस, मग ‘टू’, मग काम, असा क्रम. ‘कशानं’ याकडंही लक्ष द्या. ‘पर्स्वेड’ म्हणून दुसरा शब्द आहे, त्यात बहुतेक वेळा बोलून-समजावून वळवलेलं असतं. इंड्यूस मात्र माणूसच करतो असं नाही. बक्षिसाचा कुकर करतो, सणाची सूट करते, शेजारणीची नवी गाडीसुद्धा करते. जबरदस्ती केली तर त्याला ‘फोर्स’ म्हणतात, तो वेगळा शब्द.

‘चारसोबीस’ हा शब्द आपल्यापैकी कुणी ऐकला नाही असं होणार नाही. तो जुन्या भारतीय दंड संहितेच्या 420 कलमावरून आला. त्या कलमाच्या इंग्रजी मथळ्यातच हा शब्द होता, ‘इंड्यूसिंग’. फसवून, अप्रामाणिकपणे एखाद्याला आपली वस्तू किंवा पैसा द्यायला लावणं, असा त्याचा अर्थ. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे कलम आता 318 मध्ये आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

बघा, नुसतं पटवणं हा गुन्हा नाही. बँकेचा माणूस बैठकीत येऊन खरा व्याजदर, खरे हप्ते सांगून म्हणाला की कर्ज घ्या, तर त्यात काही वावगं नाही. पण कुणी म्हणालं, "मावशी, तुमच्या नावावर फक्त उचलते, हप्ते मीच भरणार, तुमचा काही संबंध नाही," आणि भरायचं तिच्या मनात पहिल्यापासूनच नव्हतं, तर ते खोटं सांगून द्यायला लावणं झालं. अडचण एवढीच, की ‘मनात पहिल्यापासून नव्हतं’ हे सिद्ध करायला पुरावा लागतो आणि आपला सगळा व्यवहार असतो ओट्यावरचा, तोंडी. बँकेच्या वहीत तर कर्जदार म्हणून तुमचंच नाव असतं. गटात हा प्रकार किती जणींच्या बाबतीत झालाय ते इथं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहेच. निदान दोन ओळी लिहून घ्या, तारीख टाका, दोघींच्या सह्या घ्या. बहीण असली तरी.

निवडणुकीत साडी, भांडी, पाकीट येतं, त्याला कागदावर ‘इंड्यूसमेंट’ म्हणतात, मराठीत प्रलोभन. त्यात देणारा दोषी आणि घेणाराही. घेणारीही दोषी हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

राहिली स्वयंपाकघरातली ‘इंडक्शन’ शेगडी. तीही याच घराण्यातली. शेगडी स्वतः तापत नाही, आतल्या तारेच्या वेटोळ्यामुळं भांड्याच्याच बुडात वीज खेळते आणि भांडं तापतं. म्हणजे भांड्यात उष्णता इंड्यूस केली. त्यामुळं ॲल्युमिनियमचं पातेलं त्यावर चालत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर ते चालतं, आपला लोखंडी तवासुद्धा. नवीन सखीला देतात ते ‘इंडक्शन ट्रेनिंग’ मात्र वेगळ्या अर्थाचं, कामात सामील करून घेण्याचं. त्यात कुणी कुणाला तापवत नाही, निदान तापवू नये.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातला एक कागद आणायचा : फवारणीच्या डब्यातली घडी, दवाखान्याची फाईल, कर्जाचा अर्ज, जे असेल ते. शाळेत जाणारी मुलगी सोबत आली तर चांगलंच, बारीक अक्षर तिला दिसतं. त्यात ‘इंड्यूस’ किंवा ‘प्रवृत्त’ कुठं सापडतं का बघू, आणि सापडलं की त्या जागी आपला मराठी शब्द कोणता बसतो ते सगळ्यांनी मिळून ठरवू.