तळघरातील उपासना

समाजशास्त्राच्या तासाला 'स्थलांतर' हे प्रकरण चालू असताना सरांनी विचारले होते, "परमुलखात गेलेल्या माणसाला सर्वांत आधी काय लागते?" कुणी काम म्हणाले, कुणी निवारा. मी गप्प बसलो. माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. पण दहावीपर्यंत दरवर्षी काही महिने मीही कोपीत काढले आहेत. तेथे काम पुष्कळ असे. मात्र दुकानात आम्हांला कोणी नावाने हाक मारीत नसे. 'टोळीवाले' एवढीच ओळख. हे वर्गात सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून येथे लिहितो.

पुढे ग्रंथालयात या विषयावर वाचता वाचता इटलीच्या कॅथलिकांपाशी येऊन थांबलो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील लाखो शेतमजुरांनी दारिद्र्यापायी अमेरिकेची वाट धरली. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याच पंथाचे लोक आधीपासून होते. तेथील कॅथलिक चर्चमध्ये आयरिश लोकांचे वर्चस्व होते, आणि त्यांच्यातलेही पुष्कळजण १८४५ नंतरच्या दुष्काळात उपाशीपोटी बोटीतून उतरलेले! तरीही अनेक ठिकाणी इटालियनांना उपासनेसाठी चर्चचे तळघर दाखविले जाई. वरचे सभागृह जुन्या मंडळींसाठी. देव एक, पंथ एक, जागा मात्र वेगळी. गावकूस ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना याचा अर्थ फोडून सांगावयास नको.

पिआचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी यांनी मिलानच्या रेल्वे स्टेशनवर बोचकी घेऊन बसलेली अशी माणसे पाहिली, आणि १८८७ मध्ये या लोकांच्या सेवेसाठी धर्मगुरूंचा एक संघ स्थापन केला. मला त्यांचे विशेष वाटते ते निराळ्याच कारणासाठी. गरिबांना भुलवून बोटीवर चढविणाऱ्या दलालांविरुद्ध त्यांनी लेखणी उचलली, व्याख्याने दिली, कायद्याची मागणी केली. दलाल म्हटले की मला उचल देणारा मुकादम आठवतो. (सगळेच मुकादम वाईट नसतात, हेही सांगितले पाहिजे.) जुने कपडे वाटणारे आमच्याकडेही येत, उचलीचा हिशेब विचारणारा मात्र कोणी आल्याचे आठवत नाही.

मदर कॅब्रिनी यांना खरे तर चीनला जावयाचे होते. पोप तेरावे लिओ यांच्या सांगण्यावरून १८८९ साली त्या सहा भगिनींसह न्यूयॉर्कला उतरल्या. राहण्याची सोय झालेली नव्हती. तेथील आर्चबिशपांनी त्यांना इटलीला परत जाण्याचा सल्ला दिला. त्या गेल्या नाहीत. इटालियन वस्तीत त्यांनी अनाथालय काढले, मुलांना शिकविले, आणि १८९२ मध्ये इस्पितळही उघडले. १९०९ मध्ये त्यांनी स्वतः अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. मदत करणारी बाईच स्थलांतरित होती, ही गोष्ट मला त्यांच्या १९४६ मध्ये मिळालेल्या संतपदाहून मोठी वाटते.

आता इटलीच परक्यांचे ठिकाण झाली आहे. रोममधील 'सांत'एजिदिओ' ही कॅथलिक संघटना १९६८ मध्ये शाळकरी विद्यार्थ्यांनी सुरू केली. डिसेंबर २०१५ मध्ये तिने प्रॉटेस्टंट मंडळींच्या साथीने इटलीच्या सरकारशी करार केला, आणि फेब्रुवारी २०१६ पासून लेबनॉनमधील सीरियन निर्वासित रीतसर व्हिसावर विमानाने येऊ लागले. समुद्रात बुडण्याचे भय नाही, दलाल नाही. खर्च सरकारचा नव्हे, या संस्थांचा. राहण्याची सोय, इटालियन भाषेचे शिक्षण, मुलांचा शाळाप्रवेश हे सर्व त्यात आले. येणाऱ्यांत मुसलमान बरेच होते. धर्माची अट नव्हती. सर्वच कॅथलिकांना हे रुचते असे मात्र नाही. युरोपातील प्रत्येक पॅरिशने एकेक निर्वासित कुटुंब ठेवून घ्यावे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये म्हटले, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडलीच. तळघर सर्वत्र असते.

आमच्या वसतिगृहामागच्या माळावर यंदाही कोप्या पडल्या. दोन मित्रांना घेऊन मी एका संध्याकाळी तेथे गेलो. सहा मुले जमली. पाटी काढण्याआधी आम्ही त्यांची नावे विचारली. एक मुलगी नाव सांगून आत पळाली, आणि धाकट्या भावाला घेऊन परत आली. त्याचेही नाव लिहून घ्या, म्हणाली.