करवंदाचं बी वाळवून ठेवू नका

ताईंनो, मे महिन्यात डोंगराची काळी मैना बाजारात जाते आणि बिया उकिरड्यावर. कुंपणाची रोपं विकायची असतील तर त्याच बिया धरा.

आधी जाळी नीट ओळखा. पानं समोरासमोर, जाडसर, चकचकीत. काटा ताठ, बऱ्याचदा टोकाला दोन फाटे. पान तोडलं की पांढरा चीक येतो. पण नुसत्या चिकावर जाऊ नका, चीक कण्हेरीलाही असतो आणि कण्हेर विषारी! तिला काटे नसतात, पानं लांब, अरुंद, बहुधा तीन-तीन एकत्र, आणि फळ म्हणजे शेंग. घाणेरीची फळंही पिकून काळी होतात, पण बारीक मण्यांच्या घोसात. पानं खरखरीत, उग्र वासाची. तिची हिरवी फळं पोरांना अजिबात खाऊ देऊ नका.

बी पूर्ण पिकलेल्या काळ्या फळाचंच, तेही चार-पाच जाळ्यांमधून. फळ पाण्यात कुस्करून गर धुवा, बी सावलीत फडक्यावर निथळू द्या आणि लगेच पेरा. हरभऱ्यासारखं डब्यात भरून ठेवलं तर उगवण फार घटते. पिशवीत माती, वाळू, कुजलेलं शेणखत. बी अर्धा इंच खोल. पाणी झारीनेच.

रोप हळू वाढतं. लागवडीजोगं व्हायला पुढचा पावसाळा उजाडतो, म्हणून यंदाच्या पावसाळ्यासाठी कुणाची आगाऊ रक्कम घेऊ नका. फळ लागवडीनंतर साधारण तिसऱ्या वर्षी, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा.